खड्डा कुणी, कशाने आणि कधी खणला?

वाचकांचे प्रश्न : उत्खननशास्त्र आणि गुन्ह्याचा तपास

पुरातत्त्व म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची मडकी आणि मणी. खुनाच्या तपासात त्या लोकांचे काय काम? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

मडकी आणि मणी हे फळ झाले. मूळ कसब वेगळे आहे. एकदा हललेली माती ओळखणे आणि ती कोणत्या क्रमाने हलली हे सांगणे, हे ते कसब. जमिनीत खड्डा केला की वरची काळी माती, मधली तांबूस आणि खालचा मुरूम हे थर तुटतात. खड्डा बुजवताना तेच थर परत जागच्या जागी बसवणे कुणालाच जमत नाही. काळ्यात मुरमाचे खडे मिसळतात, माती भुसभुशीत राहते, तिच्यात पाणी जास्त मुरते. दहा वर्षांनीही तो फरक दिसतो आणि दोन हजार वर्षांनीही दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची कुंभदफने, म्हणजे मडक्यांत घालून पुरलेली प्रेते, मिळाली. त्यांचे खड्डे ओळखायला लागणारी नजर आणि परवा पुरलेल्या प्रेताचा खड्डा ओळखायला लागणारी नजर एकच असते.

नेहमीच्या तपासात लक्ष प्रेतावर असते आणि माती हा उपसून फेकायचा अडथळा समजला जातो. आमच्या मते तिथेच चूक होते. प्रेत बोलते ते मरणाविषयी. पुरणाऱ्याविषयी बोलतो तो खड्डा : घाईत खणला की आधीपासून तयार ठेवला होता, कुदळीने की यंत्राने, एका वेळी भरला की दोनदा उघडला. आणि ही पोथी एकदाच वाचता येते, कारण वाचता वाचताच ती संपते.

गावाबाहेर माळावर कुणाला पुरले असल्याचा संशय आहे, पण जागा नक्की माहीत नाही. शोधायचे कसे? (पोलीस पाटील, पुणे जिल्हा)

आधी पायांनी आणि डोळ्यांनी. यंत्रे मागून.

सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना ओळ धरून चालावे, दोन माणसांत दीड-दोन मीटर अंतर. दुपारच्या उन्हात जमिनीचे चढउतार दिसतच नाहीत. बुजवलेली माती काही महिन्यांत खचते आणि बशीसारखा खळगा होतो. पुढे प्रेताचे पोट बसले की त्या खळग्यात आणखी एक लहान खळगा पडतो. कडेला माती आक्रसून भेगांची चौकट उमटते. ताज्या खड्ड्यावर गवत उगवत नाही. वर्ष-दोन वर्षांनी त्याच जागी आजूबाजूपेक्षा हिरवेगार किंवा वेगळ्याच जातीचे तण माजते.

उरलेली माती शोधायला लोक विसरतात. हिशेब करून पाहा. दोन मीटर लांब, 70 सेंटीमीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्ड्यातून 0.7 घनमीटर माती निघते. उकरलेली माती फुगते. पाव हिस्सा फुगली असे धरले तर ती 0.87 घनमीटर होते. त्यात प्रेताने अडवलेली जागा मिळवली की साधारण पाव घनमीटर माती खड्ड्यात परत मावत नाही. 15 लिटरचे घमेले धरले तर सोळा-सतरा घमेली. ती कुठेतरी पसरलेली असणार. काळ्या रानात वरच मुरमाचे पिवळट खडे विखुरलेले दिसले, तर ते आपोआप वर आलेले नाहीत. चोरून केलेली दफने बहुधा उथळच असतात, कमरेपर्यंत क्वचित जातात. रात्री, घाईने, कठीण मुरमात खणणाऱ्याचे हात लवकर भरून येतात.

मग सळई. आडव्या मुठीची, साधारण सव्वा मीटरची पोलादी सळई आधी संशयाच्या जागेपासून दूर, न हललेल्या मातीत टोचून हाताला सवय करून घ्यावी. नंतर खळग्याच्या बाहेरून आत, 25-30 सेंटीमीटर अंतराने यावे. हललेल्या मातीत ती एकदम सैल जाते. सैल लागली की थांबावे. मधोमध टोचत बसलात तर सळई कवटीत जाते आणि ते भोक मारहाणीचे की तुमचे, हे न्यायालयात तुम्हालाच सांगावे लागते. श्वानपथक येणार असेल तर ही भोके अर्धा तास आधी पाडून ठेवावीत, म्हणजे वास वर येतो.

जमिनीत पाहणारे रडार असते म्हणे. ते आणले की काम झाले ना?

दख्खनमध्ये त्यावर फार भिस्त ठेवू नका. रडार कोरड्या वाळूत उत्तम चालते. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती विजेची चांगली वाहक असल्याने लहरी गिळून टाकते. ओल असेल तर अर्ध्या मीटरखाली काही दिसेलच असे नाही. चुंबकमापीचेही तसेच, कारण इथला काळा पाषाण मुळातच चुंबकीय. प्रत्येक धोंडा यंत्राला काहीतरी वेगळे वाटतो. विद्युतरोध मोजण्याची पद्धत त्यातल्या त्यात बरी. अर्ध्या मीटरच्या अंतराने मोजमापे घ्यावीत आणि ती पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात जमीन इतकी वाळते की विद्युताग्रे (मातीत वीज सोडणाऱ्या सळया) मातीला नीट टेकतच नाहीत. धातुशोधक मात्र आधी फिरवून घ्यावा. वरची काडतुसे, बटणे, किल्ल्या खणण्यापूर्वीच नकाशावर येतात.

आणि यंत्र कुठलेही असो, ते ‘इथे काहीतरी वेगळे आहे’ एवढेच सांगते. प्रेत आहे असे सांगत नाही. पाईपलाइन, मेलेली म्हैस आणि जुने चर यांचीही चित्रे तशीच येतात.

जागा सापडली. आरोपीनेही दाखवली. मग जेसीबीने तासाभरात काढले तर बिघडते काय? (पोलीस पाटील, तेच)

जे बिघडते ते नीट करता येत नाही. म्हणून या उत्तराला थोडी जास्त जागा देत आहोत.

पहिले नुकसान हाडांचे. माणसाच्या 206 हाडांपैकी 106 हाडे हातापायांच्या पंजात असतात, काही वाटाण्याएवढी. गळ्यातले कंठास्थी हे हाड नाजूक असते आणि गळा दाबल्याच्या तपासात त्याला मोल असते. बकेटमध्ये ते गेले की संपले. लहान मूल असेल तर हाडांची न जुळलेली टोके खड्यांसारखी दिसतात. दुसरे नुकसान खड्ड्याच्या भिंतींचे. खणणाऱ्याच्या कुदळीची, टिकावाची, फावड्याच्या पात्याची खूण त्या भिंतीत उमटलेली असते, पात्याची रुंदी आणि धारेवरचा खांडा यांसकट. चिकट मातीत ती वर्षानुवर्षे टिकते. घरातून जप्त केलेल्या फावड्याशी ती जुळवता येते. खड्डा मोठा करून उपसला की ही खूण सगळ्यात आधी जाते.

पंजाबातल्या अजनाल्याचे उदाहरण पाहा. 1857 मध्ये मारलेल्या 282 शिपायांची प्रेते तिथल्या एका विहिरीत टाकल्याची नोंद होती. 2014 मध्ये हौशी मंडळींनी भावनेच्या भरात विहीर उपसली. हाडे खरोखरच निघाली, पण मोडून आणि एकमेकांत मिसळून. कोणते हाड कोणत्या थरात, कोणत्या सांगाड्याचे, हे कायमचे गेले. पुढे शास्त्रज्ञांना दात आणि हाडांतल्या डीएनए व समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) तपास करावा लागला. ती माणसे गंगेच्या खोऱ्यातली होती, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. ते रसायनशास्त्राचे यश. कुणाच्या कवटीजवळ कुणाचा हात होता, हे आता कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

आता रीत. परवानगी, दंडाधिकारी, पंच आणि कॅमेरा हजर असल्याशिवाय पहिले खुरपे लावू नये. काम सकाळी लवकर सुरू करावे आणि तीन-चार माणसांना दोन दिवस लागतील असे धरावे. जवळच न हलणारी एक खूण (विहिरीचा कठडा, विजेचा खांब) मूळ बिंदू ठरवावी. खुंट्या ठोकून एक मीटरच्या चौकटी दोरीने आखाव्यात. खोलीची सगळी मापे त्या एकाच बिंदूपासून, ओळंबा आणि फीत वापरून लिहावीत. ‘जमिनीपासून दोन फूट’ या नोंदीला अर्थ नाही, कारण जमीन वर-खाली असते.

गवत कात्रीने कापावे, उपटू नये. मग खुरप्याने किंवा गवंड्याच्या थापीने वरचा चार-पाच सेंटीमीटरचा थर सपाट तासत जावा. स्वच्छ तासलेल्या पृष्ठभागावर खड्ड्याची कडा रंगावरून दिसते. दिसत नसेल तर पाण्याचा हलका फवारा मारून दहा मिनिटे थांबावे. भुसभुशीत भाग आणि घट्ट भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि कडा उठून येते. ती कडा सापडेपर्यंत खोल जाऊ नये, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

कडा मिळाली की फक्त भरावाची माती काढायची. भिंत जशीच्या तशी ठेवायची. आधी निम्मा भराव काढून उभा छेद पाहावा, म्हणजे भराव एका दमात टाकला की मध्ये पावसाची साय बसली होती हे कळते. साय म्हणजे खड्डा काही दिवस उघडा होता. ‘रागाच्या भरात घडले’ हा बचाव तिथे अडखळतो. प्रेत चौथऱ्यावर ठेवल्यासारखे चहूबाजूंनी मोकळे करण्याची पद्धत सोयीची, पण तीत भिंती जातात. जागा फारच अरुंद असेल तर एकाच बाजूने, खुणा तपासून झाल्यावर, भिंत कापावी.

भिंतीजवळची माती थापीने खरवडू नये, सुटी होऊन पडू द्यावी. हत्याराची खूण दिसली की तिरप्या प्रकाशात मोजपट्टीसह फोटो आणि मग साचा. प्रेताजवळ आल्यावर लोखंड बाजूला ठेवून बांबूच्या पट्ट्या आणि मऊ ब्रश घ्यावेत. लोखंडाचा ओरखडा ओल्या हाडावर चाकूच्या वारासारखा दिसतो.

सगळी माती चाळायची. प्रत्येक घमेल्याला चौकट आणि थर यांची चिठ्ठी. आधी पाच-सहा मिलिमीटरची चाळणी. डोके, मान, हात, पाय आणि पोटाजवळची माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून, गरज पडल्यास पाण्याने. प्रेत उचलल्यावर काम संपले असे समजून लोक निघून जातात. खालची 10-15 सेंटीमीटर माती काढून धातुशोधक फिरवावा. खड्ड्यात पडल्यावर झाडलेली गोळी तिथेच रुतलेली असते.

विषाचा संशय असेल तर पोटाखालची आणि प्रेताच्या वरची, खालची, बाजूंची माती वेगवेगळी, प्रत्येकी अर्धा किलोच्या आसपास. शिवाय थोड्या अंतरावरच्या न हललेल्या मातीचा एक नमुना तुलनेला. हा शेवटचा नमुना राहिला तर बाकीचे सगळे लटके पडतात. मातीतच मुळात आर्सेनिक असेल तर? दुर्गंधीसाठी फिनेल किंवा जंतुनाशक प्रेतावर मुळीच शिंपडू नये. हाडे आणि कपडे कागदी पिशव्यांत. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि बुरशी धरते.

जेसीबी पूर्ण बाद नाही. मोठ्या माळावर जागा शोधायची असेल तर बिनदाती सपाट बकेट लावून, पाच-दहा सेंटीमीटरची साल काढत, यंत्र मागे सरकत न्यावे. समोर जाणता माणूस उभा असावा आणि त्याने हात वर करताच यंत्र थांबावे. चालकाला हे आधी समजावून सांगा, नाहीतर तो आपल्या सवयीने काम उरकतो.

सांगाडा किती जुना, हे मातीवरून कसे कळते? (पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, पुणे)

तुम्ही वर्गात शिकता तोच नियम : बंद थरातली सर्वांत अलीकडची वस्तू त्या थराचे वय ठरवते. भरावात सापडलेल्या वेष्टनावर अमुक महिन्याची छपाई असेल तर खड्डा त्या महिन्याआधी बुजवलेला असू शकत नाही. नंतर कधीही असू शकतो. युक्रेनमधल्या सेर्निकी इथे 1990 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युद्धगुन्हे तपासासाठी रिचर्ड राइट या पुरातत्त्वज्ञांनी सामूहिक दफन उघडले, तेव्हा काडतुसांच्या बुडावरच्या वर्षांनी हेच काम केले. सर्वांत अलीकडचे वर्ष 1941 होते. म्हणजे ते दफन त्याआधीचे नव्हते.

पण काळ्या मातीत हा नियम डोळे झाकून लावू नका. उन्हाळ्यात तिच्या भेगा मीटरभर खोल जातात. आज टाकलेले नाणे किंवा खाऊच्या गोळीचा कागद त्यातून थेट सांगाड्यापर्यंत पोचतो आणि पावसाळ्यात भेग मिटली की पुरावा बेमालूम खोटा होतो. घुशीचे बीळही तसेच. म्हणून वस्तू कुठे मिळाली यापेक्षा ती भेगेच्या किंवा बिळाच्या मातीत होती की घट्ट भरावात, हे लिहिणे महत्त्वाचे. चाळणीत सापडलेल्या वस्तूबद्दल हे सांगता येत नाही. जागेवर सापडली तरच.

सांगाड्यातून झाडाचे मूळ गेले असेल तर त्या मुळाची वलये किमान वय देतात. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांची वलये दरसाल एक अशी भरवशाची नसतात. सागाची असतात, म्हणून सागाचे मूळ मिळाले तर नशीब. हाड फार जुने की आधुनिक, हे कर्बमापनाने कळते : 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कर्ब बराच वाढला आणि त्यानंतर वाढलेल्या प्रत्येकाच्या दातांत तो उतरला. त्यामुळे ‘हे जुन्या दफनभूमीतले’ की ‘हे पोलिसांचे काम’, एवढा निवाडा पक्का होतो.

कोकणात पुरलेले प्रेत लवकर नाहीसे होते, हे खरे का?

हाडांच्या बाबतीत, हो. जांभ्याची माती आम्ल असते, पाऊस धो धो, आणि आम्ल पाणी हाडांतला चुना विरघळवते. काही वर्षांनी दात आणि मातीत उमटलेली काळपट छाया एवढेच उरू शकते. ती छाया माती म्हणून फेकू नये. तिचा फोटो, आराखडा आणि नमुना घ्यावा. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत हाडे कितीतरी चांगली टिकतात. हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि जमिनीखालचे आठ, हा जुना ठोकताळा पुस्तकांत असतो. तो ढोबळ अंदाजाला ठीक. आरोपपत्रात तारीख ठरवायला नाही.

युद्धातल्या सामूहिक थडग्यांचा तपास असाच करतात का? (एक वाचक, गोवा)

तत्त्व तेच, आवाका वेगळा. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाचे प्रकरण समजून घेण्याजोगे आहे. जुलै 1995 मध्ये तिथे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि यंत्रांनी खणलेल्या चरांत पुरले गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारेकऱ्यांनीच ती थडगी यंत्रांनी उकरून प्रेते ट्रकमधून लांबच्या दऱ्यांत नेऊन पुन्हा पुरली. उद्देश हा की मूळ जागा आणि प्रेते यांचा संबंध तुटावा.

मातीने तो तुटू दिला नाही. कोझलुक इथे एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याच्या काचांच्या उकिरड्यावर माणसे मारली होती. त्याच फुटक्या हिरव्या काचा आणि बाटल्यांची लेबले चान्चारी रस्त्यावरच्या दुसऱ्या थडग्यात प्रेतांसोबत निघाली. इतर जागांचे दुवे मातीच्या प्रकारावरून, परागकणांवरून, डोळ्यांना बांधलेल्या कापडाच्या तुकड्यांवरून आणि काडतुसांवरून जुळले. मूळ खड्ड्यांच्या तळाशी यंत्राच्या बकेटच्या दातांचे ओरखडे आणि चाकांचे ठसे शिल्लक होते. काही मृतांच्या मनगटावर हाताच्या हालचालीने चालणारी घड्याळे होती. ती हालचाल थांबल्यावर दीड-दोन दिवसांत बंद पडतात आणि त्यांच्यावरचा वार-तारीख तिथेच अडकतो. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे हे सगळे पुरावे म्हणून मांडले गेले. एकाच माणसाची हाडे तीन-चार वेगवेगळ्या थडग्यांत विखुरलेली मिळाली आणि ती डीएनएने जुळवावी लागली.

यातला धडा एकट्या प्रेतालाही लागू आहे. आरोपीने प्रेत आधी एकीकडे पुरून नंतर हलवले असेल तर पहिला खड्डाही शोधून उत्खनन करावा. त्यात नखे, केस, पंजाची हाडे, किड्यांचे कोश मागे राहिलेले असतात. आणि दुसऱ्या खड्ड्यात पहिल्या जागेची माती आलेली असते. काळ्या रानात तांबड्या मातीचे ढेकूळ निघाले तर ते कुठून आले हे विचारलेच पाहिजे.

जळालेल्या खोलीत हीच पद्धत चालते का?

चालते. राख हेही थरच आहेत : सगळ्यात वर छप्पर, मग भिंतीचे पोपडे, मग सामान. हाड जमिनीला चिकटून आहे की छपराच्या कौलांवर, यावरून माणूस आधी पडला की छप्पर, हे कळते. आग विझल्यावर पाण्याचा जोराचा फवारा पुन्हा मारू देऊ नका. काळे पडलेले हाड मध्यम आचेतले, पांढरेफटक झालेले सातशे-आठशे अंश सेल्सियसच्या वरचे. ते खडूसारखे ठिसूळ होते. खालच्या राखेसकट पत्र्यावर सरकवून उचलावे. डीएनए नमुना निघेपर्यंत त्यावर डिंक किंवा लाख लावू नये.

दफन उघडायचा अधिकार नेमका कुणाला? (एक वकील, नाशिक)

मृत्यूचे कारण शोधण्यासाठी पुरलेले प्रेत बाहेर काढण्याचा आदेश दंडाधिकारी देतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 176(3) होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 196(4). भारतात त्याला कालमर्यादा नाही. या नव्या संहितेच्याच कलम 176(3) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि चित्रीकरणाची तरतूद आहे. उत्खननशास्त्राचे नाव तिथे नाही, पण तपासी अधिकाऱ्याने पत्र देऊन जाणकाराला बोलावण्यास काही आडकाठीही नाही.

आरोपीने जागा दाखवली हा पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 खाली (जुन्या पुरावा कायद्याचे कलम 27) ग्राह्य धरताना प्रश्न येतो तो हा : पोलिसांना जागा आधीच माहीत होती का? इथे न हललेला पृष्ठभाग कामाला येतो. पंचनाम्यात ‘आरोपीने दाखवलेल्या ठिकाणी’ एवढे न लिहिता गवत अखंड होते, भेगा कशा होत्या, ताजी खोदाई नव्हती, हे फोटोसह लिहून ठेवा. उलटतपासणीत त्या चार ओळी टिकतात.

शेतात नांगरताना हाडे वर आली तर शेतकऱ्याने काय करावे?

नांगर जागीच थांबवावा, मागे फिरवू नये. वर आलेले हाड धुऊ नये, घरी नेऊ नये, देवळापाशी ठेवू नये. जागेवर काठी रोवून 112 ला फोन करावा आणि पाऊस येणार असेल तर ताडपत्री टाकावी. ताडपत्रीवर धोंडे ठेवायचे ते कडेला. मधोमध नाही.